लाल लेबलाखालचं हिरवं

मंगळवार, ४ मार्च. सकाळी नऊ वाजून दहा मिनिटं.

फसवणूक! भरदिवसा, माझ्याच स्वयंपाकघरात, माझ्याच पातेल्यात!

वेळ मुद्दाम लिहून ठेवते आहे. टेलिफोन एक्स्चेंजच्या तक्रार विभागात हयात गेली माझी. तिथला पहिला धडा – ज्याला वेळ सांगता येत नाही त्याची तक्रार नसते, कुरकुर असते.

तर झालं असं. सॉसेजचं पाकीट फ्रीजरमधून काढलं. दगड झाला होता. एरवी हे काम यांचं – रात्रीच काढून ठेवतात, सकाळी पाकीट फाडून, तळून, बशीत घालून माझ्यासमोर. आज स्वारी न्हाव्याकडे गेली, म्हणून मी हात घातला. पाकीट कोमट पाण्यात सोडलं आणि खुर्चीत बसून कांदा चिरत राहिले. बघते तर लेबल सुटून पाण्यावर तरंगतंय! आमचं नेहमीचं, लाल – ‘चिकन सॉसेज. अस्सल चव.’ आणि पाकिटावर त्याच जागी, त्याच मापाचं, दुसरं लेबल. हिरवं! ‘चिकन सॉसेज. कमी मीठ. आपल्या हृदयाची काळजी असणाऱ्यांसाठी.’

माझ्या हृदयाची काळजी करायला यांना कुणी सांगितलं होतं?

हिरवा माल खपत नसणार, म्हणून लाल टोपी घालून आमच्या गळ्यात मारतात. मी दर आठवड्याला भिंग घेऊन लेबल वाचते – वजन, घटक, तारीख – आणि मगच पाकीट फ्रीजमध्ये जातं. मला फसवलं! मला!

त्याच दिवशी, दुपारी

हे आले. डोकं भादरून, कानामागे साबण तसाच. पातेलं दाखवलं तर चेहरा असा पडला की मलाच वाईट वाटलं. एवढा शांत माणूस, पण त्यालाही धक्का बसला.

‘जाऊ दे गं,’ म्हणाले. ‘चव तर चांगली लागत होती ना?’

‘चवीचा प्रश्न नाही, तत्त्वाचा आहे.’

‘तत्त्व तळून खाता येत नाही.’

विनोद! घर जळतंय आणि यांना विनोद सुचतोय. म्हटलं, तक्रार करणार. लेखी. यांनी उठून लाल लेबल चिमट्याने अलगद उचललं, टिपकागदावर पसरलं. ‘पुरावा आहे, सुरकुती पडायला नको,’ म्हणे. पोस्टाची तिकिटं जमवणाऱ्या माणसाशी लग्न केल्याचा हा पहिला फायदा.

बुधवार, ५ मार्च

आज नुसतं अंडं खाल्लं. निषेध म्हणून.

गुरुवार, ६ मार्च

तक्रार लिहिली. तीन खर्डे झाले. शाळेत आमच्या सिस्टर सांगायच्या, रागावलीस की आधी हात धू, मग लेखणी धर. दोनदा हात धुतले. तरी पहिल्या दोन खर्ड्यांत ‘निर्लज्ज’ आलाच. तिसऱ्यात काढला. त्याच्या जागी ‘खेदजनक’ घातला. तो जास्त लागतो.

हिरव्या लेबलाशी माझं वैर जुनं नाही. नोव्हेंबरातलं आहे. गुडघ्याचं ऑपरेशन करायचं ठरलं, आणि डॉक्टरीणबाई अडून बसल्या. ‘प्रेशर खाली आल्याशिवाय मी तुम्हाला टेबलावर जाऊ देणार नाही. मीठ कमी करा. पाकिटातलं मांस तर आधी बंद.’ बंद! नोकरीला लागले तेव्हापासून सकाळी दोन सॉसेज आणि एक अंडं. नवरा नंतर आला, सॉसेज आधीपासून आहेत. शेवटी तडजोड म्हणून ह्यांनी ते हिरवं आणलं. मी लेबल वाचलं, एक घास घेतला आणि बशी सरकवली. ओला पुठ्ठा! यांना स्पष्ट सांगितलं – पुन्हा हिरवं या घरात आलं तर एक तर ते राहील नाहीतर मी.

मग लाल येऊ लागलं. गुडघ्यामुळे मी डॉक्टरांकडे जाण्यापुरतेच कसेबसे तीन जिने उतरते, इमारतीला लिफ्ट नाही, म्हणून बाजार यांच्याकडे. दोघांची रोज संध्याकाळची तळ्याभोवतीची फेरीही गेली. मी गॅलरीतून तळं बघते आणि हे मला बघतात. ‘तुम्ही जाऊन या ना,’ म्हटलं तर म्हणतात, ‘एकट्याने फेरी मारली की माणूस कुठेच गेल्यासारखं वाटत नाही.’

यांचं बाकी बरं चाललंय. बाजारातून आले की पिशवीसकट तिकिटांच्या खोलीत जातात. पाय मोकळे करतो म्हणे. खुर्चीत बसून कसले पाय मोकळे होतात, देव जाणे!

शनिवार, ८ मार्च

दुकानात जाऊन आले! संतापाने गुडघ्याला वंगण मिळतं. एक हात कठड्यावर, एक यांच्या खांद्यावर, प्रत्येक वळणावर थांबत. खाली वॉचमनने यांना असा कडक सलाम ठोकला की मला वाटलं कुणी मंत्री मागून येतोय. हल्ली फार आदर वाढलाय त्याचा. मग टॅक्सी.

मांसाच्या काउंटरवर कागदी टोपी घातलेली एक मुलगी असते. नाव सांगितलं तिने, पण माझ्या डोक्यात टोपीवालीच राहिली. यांना बघताच, ‘काका! नेहमीसारखं?’ हे एकदम खोकायला लागले. ‘नको नको, आज बाईसाहेब आल्यात.’ मग तिने माझ्याकडे बघितलं आणि टोपी सरळ केली. शहाणी आहे.

पाकीट ठेवलं तिच्यासमोर. शेजारी टिपकागदात लाल लेबल. तिने उलटंसुलटं करून बघितलं.

‘मॅडम, दोन्ही लेबलं कंपनीची. पण वरचं मशीनने लावलेलं नाही.’

‘कशावरून?’

‘मशीन नेहमी तिरकं मारतं. हे बघा ना, फ्रीजमधलं एकूणएक पाकीट. सगळी डावीकडे झुकलेली. आणि पाकीट ओलं झालं तरी तासभर भिजवल्याशिवाय मशीनचं सुटत नाही. तुमच्या खालच्या हिरव्याच्या कडेला वरच्याचा डिंक लागलाय बघा, रेघ मारल्यासारखा सरळ.’

‘म्हणजे गुन्हा नीटनेटका केलाय, एवढंच,’ मी म्हटलं. हे मासळीच्या काचेत डोकं घालून उभे होते. जन्मात मासळी खात नाहीत!

तक्रार तिच्या हातात दिली. ३१ मार्चच्या आत लेखी उत्तर. ती म्हणाली, कंपनीला पाठवते. आणि मग मला बसायला स्टूल दिलं, सॉसेजच्या फ्रीजशेजारीच. टॅक्सी यायची होती. म्हटलं, चला, जरा बघू लोक लेबल वाचतात तरी का.

कुणी वाचत नाही! एक तरुण बाई आली, कडेवर बाळ. भराभर दोन पाकिटं टाकली. मी विचारलं, काय बघून घेतलंत? ‘ताजे लिहिलंय ना.’ ‘अहो, सगळ्यांवरच ताजे लिहिलंय.’ ‘मग बरंच आहे की!’ आणि गेली.

एक धिप्पाड पोरगा. दंड माझ्या मांडीएवढे. त्याने वाचलं, मान्य, पण फक्त प्रथिनांची ओळ. तळाशी चरबी किती, मीठ किती, ते बोटाखाली झाकलेलं. एक आजोबा – आजोबा म्हणते, वय माझ्याएवढंच – पाकीट नाकाला लावून वाचत होते. ‘मी फक्त शेवटची तारीख बघतो,’ म्हणाले. ‘या वयात आपल्याआधी कोण संपणार ते कळलेलं बरं.’ हा माणूस मला आवडला.

एका बाईने वेगळ्याच कंपनीचं घेतलं. महागातलं. त्यावर झाडाखाली कोंबडीचं चित्र. ‘हिच्याकडे बघा ना, किती समाधानी दिसते,’ म्हणाल्या. मी म्हटलं, ‘बाई, ती चित्रात समाधानी आहे, आत पाकिटात काय झालंय तेही बघा.’ त्या दोन पावलं मागे सरल्या. ह्यांनी माझा दंड धरला.

आणि एक मात्र माझ्या मनातलं बोलली. हिरव्याला हात लागला आणि चटका बसल्यासारखा मागे घेतला. ‘नको गं बाई. आमच्याकडे कुणी आजारी नाहीये.’ अगदी! तेच तर! मीठ कमी म्हणजे आयुष्यातून नाव कमी.

येताना मी स्वतः निवडून एक लाल घेतलं, तिरक्या लेबलाचं. वर चढताना दुसऱ्या जिन्यावर बसकण मारली. हेही शेजारी बसले, पिशवी मांडीवर. ‘मजा आली,’ मी म्हटलं. खरंच आली. कित्येक महिन्यांनी माणसांत गेले.

रविवार, ९ मार्च

अस्सल लाल खाल्ले. देवा रे, काय खारट! पाण्याचे ग्लासावर ग्लास रिचवले. माझी तक्रार पोहोचताच कंपनीने सूड म्हणून मीठ दुप्पट केलेलं दिसतंय. दुसरा सॉसेज तसाच टाकला. हे म्हणाले, ‘खारट? असं कसं? तुला आवडतं ना मीठ?’ आणि रुमालात तोंड घालून शिंकले. शिंकच होती का?

मंगळवार, ११ मार्च

डॉक्टरीणबाईंनी पट्टा गुंडाळला, फुगवला, काढला. पुन्हा गुंडाळला. मग चष्मा काढून माझ्याकडे बघितलं.

‘काय केलंत तुम्ही?’

‘काही नाही.’

‘गोळ्या त्याच. वजन तेच. डिसेंबरपासून हळूहळू उतरतंय, आणि आता अगदी हवं तिथे आलंय. मीठ सोडलंत ना शेवटी?’

मी म्हटलं, ‘डॉक्टर, मी रोज सकाळी दोन सॉसेज खाते. अस्सल. लाल लेबलाचे. तुमच्या मीठबंदीला मी भीक घातलेली नाही, आणि तरी प्रेशर उतरलं! आता बोला.’

बोलणार काय? चष्मा पुन्हा चढवला. मग यांच्याकडे बघितलं. हे भिंतीवरचं मूत्रपिंडाचं चित्र अभ्यासत होते. काउंटरवर मासळी, इथे मूत्रपिंड. या वयात जिज्ञासा जागी झालीय.

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात ऑपरेशन! अट एकच – तोवर प्रेशर असंच राहायला हवं. जूनपर्यंत चालायला लागाल म्हणाल्या. घरी येऊन गॅलरीत बसलो, चहा घेतला. तळ्यावर कुणीतरी कुत्र्याला धुवत होतं. ह्यांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला, जशी काही त्याच्याशीच त्यांची वेगळी ओळख आहे.

आनंदात आहे. पण तक्रार मागे घेणार नाही. ते वेगळं, हे वेगळं.

शनिवार, १५ मार्च

धाकटी आली. माझी बहीण. लहानपणापासून माझ्या प्रत्येक वाक्यावर पैज लावायची खोड. सगळी हकिकत ऐकली आणि म्हणाली, ‘पण ताई, इतके महिने हिरवं खाल्लंस आणि तुला कळलं नाही?’

‘एकच पाकीट तसं असणार! एरवी एका घासात ओळखीन.’

‘लाव पैज.’

‘लावली!’

ती स्वयंपाकघरात गेली. यांच्याकडून तळून घेतलं. दोन बश्या घेऊन आली. एका बशीपुढे लाल लेबल उभं केलं – माझा पुरावा! – आणि दुसरीपुढे वहीच्या कागदावर ‘कमी मीठ’ असं लिहून. आधी लाल खाल्लं. अहाहा! खरपूस, मसालेदार, जिभेला हुशारी आणणारं. मग दुसरं. घास तोंडात गेला मात्र – पुठ्ठा. ओला. मेलेला. मी म्हटलं, ‘हे बघ, हा सॉसेज आणि हा त्याचा श्राद्धाचा फोटो.’

धाकटी हसायला लागली. हसता हसता उचकी लागली. उचकीतच म्हणाली, ‘ताई, एकच सॉसेज आहे गं! मधोमध कापलाय मी!’

‘खोटं!’

‘जोडून बघ!’

जोडून बघितलं. उरलेल्या दोन तुकड्यांच्या कडा एकमेकींना अशा बसल्या की मधली रेघही दिसेना.

‘कोणता होता? लाल की हिरवा?’

‘मला काय माहीत! भावोजींनी तळून दिला.’

भावोजी दूध बघायला गेले होते. गॅसवर दूध नव्हतं.

सख्खी बहीण कसली, सख्खी वैरीण! निघताना दारात म्हणाली, ‘राग धरू नकोस हं. तुझी जीभ उत्तम आहे. बोलण्यासाठी.’

रविवार, १६ मार्च

काल रागात लिहिलं. आज जरा विचार केला.

एकच सॉसेज. मधोमध कापलेला. लाल अर्ध्याला मसाला आला आणि दुसऱ्या अर्ध्याला मरण. म्हणजे माझी जीभ चव घेत नाही, वाचते! भिंग लावून लेबल मी वाचायचे आणि चवीचा निकाल ती देऊन मोकळी व्हायची. त्या समाधानी कोंबडीवाल्या बाईला मी हसले. माझी कोंबडी लाल आहे, एवढाच फरक.

आणि हिरव्या लेबलात मला काय दिसतं? पुठ्ठा नव्हे. हॉस्पिटलची बशी दिसते, कप्पे असलेली. आईच्या शेवटच्या महिन्यातली. तिला बिनमिठाचं भरवायचे मी. ती तोंड मिटून घ्यायची. एका दिवशी म्हणाली, ‘आता चवीला तरी कशाला जगायचं?’

असो. हे कुणाला सांगायचं नाही. ह्यांना माहीत आहे फक्त. ते होते तेव्हा खोलीत.

मंगळवार, १८ मार्च

दुकानातून फोन. टोपीवाली. आवाज एवढासा. ‘मॅडम, कंपनीचा माणूस पुढच्या आठवड्यात येतोय. आमचे साहेब म्हणतात, सवलतीचे स्टिकर तूच लावतेस, म्हणजे हेही तूच लावलं असशील. मी नाही हो लावलं, मॅडम. मला इतकं सरळ लावताच येत नाही.’

मी म्हटलं, ‘तू नाहीस. मी सांगेन तसं.’ फोन ठेवला. तक्रार विभागात हेही शिकले होते – तक्रार नेहमी सगळ्यात जवळच्या माणसावर पडते, दोषी माणसावर नाही.

हे विचारत होते, कुणाचा फोन. सांगितलं. हे उठले, खोलीत गेले, परत आले. ‘आपण ती तक्रार मागे घेऊ या का?’ ‘अपराधी सापडला की घेऊ,’ मी म्हटलं. पुन्हा खोलीत गेले.

शुक्रवार, २१ मार्च

तीनदा हात धुऊन लिहायला बसले. रागाने नव्हे. कशाने ते अजून ठरलेलं नाही.

हे तिकिटवाल्या मित्राकडे गेले होते. वॉचमन पिण्याच्या पाण्याचा जार घेऊन वर आला. ठेवला, पण जाईना. दारात घुटमळत राहिला.

‘बाई, एक सांगू? राग नाही ना येणार?’

‘सांगितल्यावर ठरवीन.’

‘साहेबांना सांगाल का जरा… ते दर आठवड्याला सॉसेज देतात ना, घरी सगळे खूश आहेत. पोरं तर वाट बघतात. पण फार खारट असतात हो. मलापण डॉक्टरांनी मीठ कमी सांगितलंय. त्यात म्हणे कमी मिठाचे मिळतात. त्यातले जमले तर…’

‘कोणते सॉसेज?’

‘तेच हो, पाकिटातले. लेबल नसतं ते.’

‘लेबल नसतं?’

‘नसतं. आम्हाला वाटलं, किंमत दिसू नये म्हणून साहेब काढून देतात. केवढं मन माणसाचं!’

मी दाराला धरून उभी राहिले. कोमट पाणी. चिमटा. टिपकागद. पिशवीसकट तिकिटांच्या खोलीत. ‘नेहमीसारखं, काका?’ दर आठवड्याला एक लाल, एक हिरवं. लालचं कातडं मला, लालचं पोट वॉचमनला. आणि इतकं सरळ चिकटवलेलं लेबल! या शहरात इतकं सरळ लेबल लावणारा एकच माणूस आहे, आणि त्याच्याशी माझं लग्न झालंय.

वॉचमनला म्हटलं, सांगते. पुढच्या आठवड्यापासून कमी मिठाचे मिळतील. त्याने सलाम ठोकला. आता कळलं तो सलाम कुठून येतो.

मग दुकानात फोन केला. टोपीवालीला सांगितलं, तक्रार रद्द. तुझ्या साहेबांशीही बोलते, दे त्यांना. त्यांना म्हटलं, ‘मुलीचा काही संबंध नाही. कंपनीचाही नाही. अपराधी सापडला.’

‘कोण, मॅडम?’

‘घरचाच आहे. माझ्याच ताटाशेजारी जेवतो.’

मागून टोपीवालीचा आवाज – ‘काका?’ – आणि मग तिचं हसू. म्हणजे तिला माहीत होतं? का आत्ता कळलं? विचारलं नाही. तक्रार करणाऱ्याला थोडं अज्ञान ठेवावं लागतं.

शनिवार, २२ मार्च

आज बाजाराचा दिवस. हे पिशवीसकट खोलीत गेले. मी चपला काढल्या आणि भिंतीला धरून मागोमाग गेले. दार लोटलेलं होतं, बोटभर फट.

पांढऱ्या कुंड्यात कोमट पाणी. लाल लेबल त्यात पालथं पोहत होतं. हे वाट बघत होते, हनुवटी तळहातावर टेकून, दुर्मिळ तिकिटाची बघतात तशी. मग चिमट्याने एका कोपऱ्यातून उचललं. पाणी निथळू दिलं. टिपकागदात ठेवलं, वर जाडजूड शब्दकोश. हिरवं पाकीट पुढ्यात ओढलं, पट्टी लावली आणि चारी बाजूंनी पेन्सिलीने बारीक खुणा केल्या. जीभ दातांत धरलेली. रेडिओ हळू चालू होता. आमची मुलगी शाळेत असताना तिच्या वह्यांना कव्हरं घालायचे तेव्हा असेच दिसायचे. चष्म्यावर वाफ धरली. पुसली. पुन्हा खुणा.

मला आत जाऊन भांडता आलं असतं. दोन वाक्यंही तयार होती. दोन्ही चांगली होती.

परत फिरले. स्वयंपाकघरात येऊन मोठ्याने खोकले. पलीकडे खुर्ची सरकली, कपाट बंद झालं.

‘काय करताय हो?’

‘काही नाही! एक जुनं तिकीट आहे. फार नाजूक.’

‘सावकाश काढा,’ मी म्हटलं. ‘फाडू नका.’

रविवार, २३ मार्च

दोन सॉसेज, एक अंडं. लाल पाकीट भिंगाखाली नीट वाचलं, तारखेसकट. मग खाल्ले. ‘मीठ?’ ह्यांनी विचारलं. ‘नेमकं,’ मी म्हटलं. ह्यांनी श्वास सोडला तो मला टेबलाच्या या बाजूला लागला. हे चहा ओतायला उठले तेव्हा मी त्यांच्या बशीखाली ही चिठ्ठी सरकवली. नक्कल इथे ठेवते –

‘यांस. आपण डिसेंबरपासून माझी पद्धतशीर फसवणूक करत आहात. खेदजनक आहे. भरपाई म्हणून जूनपासून दररोज संध्याकाळी तळ्याभोवती एक फेरी, माझ्या वेगाने. लेबल पूर्वीप्रमाणेच चिकटवत राहावे. हिरवं मला गिळवत नाही, का ते आपल्याला माहीत आहे. वॉचमनलाही यापुढे हिरवंच द्यावे; लालचं पोट धाकटीकडे पाठवावे. आणि टेबलावरच्या मिठाच्या डबीत खरोखर काय आहे? या प्रश्नासह सर्व मुद्द्यांचं लेखी उत्तर ३१ मार्चच्या आत, सहीनिशी. तिकीट लावण्याची गरज नाही.’